टेस्ट लॅम्पची आरती

बातमी आली तेव्हा मी गॅसवरच्या दुधाकडे बघत उभा होतो. आमच्या काचीगुड्याच्या घरात सकाळी याहून मोठं काही घडत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, पुढे जे झालं ते सगळं माझ्या एकट्याच्या हातून झालं. दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोयच नाही. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

फोन केतकीचा. माझी मुलगी, पुण्याला नोकरी करते.

"बाबा, हर्षदचे आईबाबा दसऱ्याला हैदराबादला येतायत. तुम्हाला भेटायला."

"कोण हर्षद?"

"बाबा!"

हर्षद म्हणजे तिनं पसंत केलेला मुलगा. मला माहीत होतं हो! पण दूध वर यायला लागलं होतं.

"आणि ऐका, काकूंना जरा धास्ती आहे. तुम्ही रंगाच्या कारखान्यात आगीचं काम करता ना, म्हणून."

"आगीचं नाही गं. आग न लागण्याचं."

"तेच त्यांना पटवायचंय. एवढं नीट करा बाबा. आई असती तर मी काही बोललेच नसते."

दूध उतू गेलं. ओटा पुसत बसलो.

हिला, केतकीच्या आईला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पाहुण्यांशी गोड बोलणं हे खातं कायम हिच्याकडे. माझ्याकडे फक्त फ्लेम डिटेक्टर.

म्हणजे काय, सांगतो. आमचा कारखाना कुकटपल्लीच्या पुढे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. थिनरचे टँकर जिथे रिकामे होतात त्या शेडच्या दोन कोपऱ्यांत दोन डिटेक्टर डोळे वटारून बसलेले असतात. एकाला ज्वाळा दिसली की भोंगा वाजतो. दोघांना दिसली की छतातून फोमचा वर्षाव! त्यांची नजर शाबूत आहे का, ते मी दर महिन्याला तपासतो. त्यासाठी खरी आग लावत नाहीत हं! बॅटरीसारखा टेस्ट लॅम्प असतो. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, डिटेक्टरला मात्र तो साक्षात आगडोंब वाटतो. अर्थात त्याआधी फोमचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पॅनलची किल्ली फिरवायची. याला आम्ही 'झोपवणं' म्हणतो. न झोपवता लॅम्प दाखवला तर? थांबा, तिकडेच चाललोय.

खंडेनवमीला कारखान्यात सगळे आपापल्या यंत्राची पूजा करतात. घरची माणसंही येतात. फोर्कलिफ्टला हार, वजनकाट्याला कुंकू. माझं यंत्र कोणतं? डिटेक्टर! पण त्या शेडमध्ये कापूर कसा पेटवणार? तिथे कुणी काडेपेटी नेली तर मीच त्याला घरी पाठवतो. म्हणून मी एक पद्धत पाडली. डिटेक्टरला टेस्ट लॅम्पनंच ओवाळायचं! भोंगा वाजतो, तोच आमचा शंख. लोकांना हा प्रकार भारी आवडायचा.

ही दरवर्षी पूजेचं ताट घेऊन यायची. मी लॅम्प उचलला की सगळ्यांसमोर विचारायची, "अहो, झोपवलंत का त्याला?"

"हो गं बाई! मी काय काल कामाला लागलोय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? एकदोनदा झोपवलेलं नव्हतं. मग मी घसा खाकरायचो, चष्मा विसरल्यासारखं करायचो आणि गुपचूप पॅनलकडे जाऊन यायचो. महिन्याच्या टेस्टला हा प्रश्नच येत नाही, कारण कामाची सुरुवातच व्हॉल्व्हपासून होते. खंडेनवमीला सुरुवात होते झेंडूपासून.

तर पाहुणे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीलाच आले, आणि मी त्यांना थेट कारखान्यातल्या पूजेला बोलावलं. श्रीकांतराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात. मीनाताई पैठणीत. केतकी दोघांच्या मागे, माझ्याकडे डोळ्यांनी सूचना सोडत. टँकर आदल्या दिवशीच बाहेर काढले होते, शेड धुऊन लख्ख. गौलीगुड्याहून आणलेल्या झेंडूची तोरणं मीच बांधली होती. आमचा जुना फिटर यादगिरी, त्यानं फाटकाबाहेर कोहळा फोडला.

मीनाताई शेडच्या कडेलाच थबकल्या. "इथं एकदम काही पेटत वगैरे नाही ना?"

"मीनाताई," मी छाती पुढे काढून म्हणालो, "या शेडमध्ये, माझ्याशेजारी, हैदराबादेतली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. या, अशा मधोमध उभ्या राहा."

हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

"साब, शुरू?" यादगिरीनं विचारलं.

"हौ, शुरू!"

पहिल्या डिटेक्टरला ओवाळलं. भोंगा असा काही कोकलला की श्रीकांतरावांनी कानांवर हात ठेवले.

"पण दिवा लागलाय कुठे?" ते ओरडून म्हणाले.

"तीच तर गंमत! आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतो!"

"वा! आणि तो पलीकडचा?"

"त्यालाही दाखवू की!"

अंगात आल्यासारखा मी गर्रकन वळलो. लॅम्प फिरवताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी काहीतरी बोलायचं राहिलंय, असं. पण पाहुणे टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजत असताना कुणी थांबतं का?

वर पाइपात काहीतरी गुरगुरलं.

यादगिरी माझ्याकडे बघत होता. "साब... व्हॉल्व्ह?"

"तू नाही झोपवलंस त्याला?"

"चाबी तो आपकेच जेब में है ना साब!"

तो व्हॉल्व्हकडे धावला. पण फोमला तेवढी वाट बघायची सवय नसते. मी स्वतःच दर महिन्याला तपासून ठेवलेली यंत्रणा ती! एक नोझल चुकार निघालं नाही. पांढरा, थंड, साबणासारखा बुळबुळीत फोम बदाबदा खाली आला. झेंडू गेले, ताट गेलं, पैठणी गेली. श्रीकांतरावांचा कुर्ता पांढराच होता, त्यामुळे ते नक्की कुठे संपतात आणि फोम कुठे सुरू होतो ते कळेना.

मग सगळं शांत झालं. शेडबाहेर केतकी कपाळाला हात लावून उभी. माझ्या मनात एकच विचार, मोडलं लग्न.

श्रीकांतरावांनी चष्मा काढला. बोटानं काचा पुसल्या. पुन्हा घातला.

"हे," त्यांनी शांतपणे विचारलं, "दरवर्षी असंच असतं का?"

तेवढ्यात मीनाताई हसायला लागल्या. अशा हसल्या की त्यांना यादगिरीचा खांदा धरावा लागला.

"अहो, मी उगाच घाबरत होते! इथं आग लागली तर हे लगेच विझवतील."

"लगेच?" श्रीकांतराव म्हणाले. "हे तर लागायच्या आधीच विझवतात!"

घरी आलो. पाहुण्यांना कोरडे कपडे हवे होते. श्रीकांतरावांना माझा लेंगा दिला, तो घोट्याच्या बराच वर राहिला. केतकीनं हिचं कपाट उघडलं. इतके महिने ते कुणी उघडलं नव्हतं. मीनाताई हिची निळी इरकल नेसून बाहेर आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि विचारलं, "चहाची पातेली कुठं असते हो?" तो चहा पिता पिता साखरपुडा ठरला.

कारखान्यात रीतसर चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की यंत्रणा उत्तम स्थितीत आहे, अधिकारी तपासून घ्यावा.

केतकी आणि हर्षद आता पुण्यात मजेत आहेत. आणि मीनाताई? दर महिन्याला टेस्टच्या सकाळी त्यांचा न चुकता फोन येतो. मागून श्रीकांतरावांचं हसू ऐकू येतं.

"काय व्याही, झोपवलंत का त्याला?"

आमचा हा शब्द त्यांना केतकीनं शिकवला असणार. मी म्हणतो, "हो हो, झोपवलं. बरं झालं विचारलंत."

हिला मी हे कधी म्हटलं नाही. ते राहूनच गेलं.