चिचगडहून जपानला कोण जाणार?

सुकवारोबाई उईके, राहणार चिचगड, काम बिडी वळण्याचं. त्यांच्यावर अन्याय झाला तो १९५८ च्या होळीआधीच्या रविवारी, गोंदियाजवळच्या कुडव्याच्या आमराईत, सभा उठल्यावर आणि त्यांना नेणारी मोटार देवरीच्या रस्त्याला लागल्यावर. हे आधीच सांगून टाकतो. पुढे प्रवासाचं वर्णन आहे, आणि अशा वर्णनात झाडं, नाले, जेवणखाण यांच्या गर्दीत मूळ गोष्ट हरवते. ती हरवू नये.

गोष्ट अशी. जपानमधल्या एका तंबाखू कारखान्यातल्या बायकांनी आमच्या बिडी कामगार संघटनेला निरोप धाडला होता. पुढच्या वसंतात आमच्याकडे चेरीची झाडं फुलतील (त्या फुलांना तिकडे साकुरा म्हणतात), तेव्हा तुमच्यातली एक बिडी वळणारी बाई आमच्याकडे पाहुणी पाठवा. आम्ही सगळ्या त्या झाडांखाली बसतो, जेवतो, गाणी म्हणतो, तिनं आमच्यात बसावं. जाण्यायेण्याची सोय त्याच करणार होत्या. सभेत नाव विचारलं तेव्हा बायकांच्या बाजूनं एकच नाव आलं, आणि आमराईभर हात वर झाले. सुकवारोबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मग उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाईन. काऊन नाही जाईन?" बस, एवढंच भाषण.

त्या गेल्यावर कार्यकारिणी खाटेवर बसली आणि नाव बदललं. सुकवारोबाईंच्या जागी माझं. दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी मला बोलावून सांगितलं, "तिथं चार शब्द बोलावे लागतात. ही बाई फुलं पाहून काय सांगणार? तू मॅट्रिक आहेस, संघटनेचे पर्चे, पत्रकं लिहितोस." मी विचारलं, तिला कोण सांगणार? "कळेल तिला." कोणाच्या तोंडून? त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. तीन आठवडे गेले, कोणी सांगितलं नाही, म्हणून मी निघालो. आयुष्यात एक बिडी वळली नाही असा मी, जपानच्या आधी चिचगडला.

गोंदियाहून आमगावमार्गे देवरीला जाणारी मोटार भल्या सकाळी सुटते म्हणतात. ती सुटते भरल्यावर. माझी सायकल टपावर बांधली, तिच्या शेजारी कोंबड्यांचा खुराडा. कंडक्टर गोंदियाचा, हिंदी बोलणारा. मी शेजाऱ्याशी जपानबद्दल बोलतोय हे ऐकून तो दारातूनच म्हणाला, "जापान? उधर तो बम गिरा था न भैया?"

"गिरा था."

"और अब लोग फूल देखने जाते हैं?"

"तिथलेच लोक बघतात. दरसाल."

त्यानं एकाचं तिकीट फाडलं. मग म्हणाला, "अच्छा है. पेड़ को क्या मालूम." आणि खिडकीबाहेर थुंकून त्यानं पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

आमगाव सुटल्यावर बांध्या (धानाची बांधलेली शेतं) रिकाम्या पडल्या होत्या. धान कापून झालेलं, कुठेकुठे लाखोरीचा (एका कडधान्याचा) वाळलेला पाला. बोड्यांत (लहान तळ्यांत) पाणी गुडघ्याएवढं, त्यात म्हशी. मग हळूहळू जंगल रस्त्याच्या जवळ येतं. पळस इतका पेटला होता की माझ्या शेजारचे म्हातारे पवार शेतकरी, जे सगळ्या वाटेत धानाच्या वाणांशिवाय काही बोलले नव्हते, तेही एकदा "हं" म्हणाले. आमच्याकडे फुलांचं कौतुक यापेक्षा जास्त कोणी करत नाही. फुलं बघायला म्हणून घरातून निघणं ही कल्पनाच आम्हाला नवी.

देवरीला हॉटेलात भजी आणि चहा घेतला. आमचा जिल्हा दुसऱ्या राज्यात जाऊन दीड वर्ष होत आलं तरी पाटीवर अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. तिथून सायकल. रस्ता कच्चा, मुरमाचा, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. अर्ध्या वाटेवर काटा घुसून मागचं चाक बसलं. पंप होता, ठिगळ होतं, चिकटवायचं द्रावण तेवढं वाळून गेलं होतं. उरलेली वाट सायकल हातात धरून चाललो. मोळीवाल्या दोन बाया मागून आल्या, एक हसून म्हणाली, "का गा भाऊ, सायकलले फिराले आनलं का?" मीही हसलो. पण चालताना मनात एकच वाक्य जुळवत होतो, सुकवारोबाईंना पहिलं काय सांगायचं. पर्च्यासाठी मला वाक्यं लगेच सुचतात. हे सुचलं नाही.

चिचगडला पोचलो तेव्हा त्या अंगणात तेंदूची पानं कात्रीनं कापत बसल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, उंच, आवाज गावाच्या त्या टोकाला जाईल असा. मला पाहून हातातली कात्री न ठेवता ओरडल्या, "रामकले, पाहा ओ, पर्चेवाले भाऊ आले! जपानचं सांगाले आले."

रामकला म्हणजे त्यांची जाऊ. ती आतून तुंबा (वाळल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं) घेऊन आली. "ही बाई जपानवाली," ती जावेकडे हनुवटी करून म्हणाली, "आतापासून आमच्यासंग बोलत नाही. परत आल्यावर त आमाले ओळखनार पन नाही."

"तुले ओळखून कराचं काय?" सुकवारोबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या प्रवासाच्या बेतावर आल्या आणि मला थांबवता आलं नाही. बेत पक्का होता. गोंदियाहून कलकत्ता मेल. कलकत्त्याला बोट. समुद्र पाहिला नव्हता, पण इटियाडोहाकडच्या एका सोयऱ्यानं पुरातली नदी दाखवून सांगितलं होतं की असंच, फक्त पलीकडचा काठ नसतो. नेसायला दोन लुगडी, एक हिरवं, एक लग्नातलं. थंडी असते म्हणून नवऱ्याची घोंगडी. तिकडच्या बायकांसाठी वाळवलेला मोह, त्यांनी कधी खाल्ला नसेल म्हणून. आणि बोलायचं काय, तेही ठरलं होतं. रोज पहाटे मोह वेचता वेचता त्या ते मोठ्यानं म्हणत.

"ऐकू का?" मी विचारलं.

"तुले काऊन ऐकवू? तू का जपानी हायेस?"

रात्रीच्या जेवणाला पेज (भाताची पातळ कांजी) आणि लाखोरीची डाळ होती, सोबत लाल मुंग्यांची चटणी. चटणी आंबट आणि झणझणीत. डोळ्यांत पाणी आलं तर रामकला म्हणाली, शहरातल्या माणसाला रडायला कारण लागतं, ते आम्ही देऊन राहिलो. त्या हसत होत्या. मी त्या चटणीमागे लपलो. उद्या सांगू, असं ठरवलं.

जेवताना सुकवारोबाईंना एकच शंका होती, आणि ती त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारली. तिकडे फुलं खाली पडल्यावर कोणी वेचतच नाही?

"नाही. नुसती बघतात."

"त मंग ते झाडं कोनाचे?"

"कोणाची नाहीत. सगळ्यांची."

"सगळ्याईचे हायेत आन वेचाले एकही बाई येत नाही?" त्या रामकलेकडे वळल्या. "पोट भरल्या लोकाईचे झाडं हायेत ओ ते."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात गेलं. मोहाचं फूल झाडावरून कोणी तोडत नाही. पहाटे ते आपणच गळतं, पिवळट, रसानं टचटचीत, आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जमीन काळी, साफ केलेली असते, म्हणजे फूल दिसतं. वास इतका गोड की डोकं जड होतं. बायका वाकलेल्या, पाहुणा आला म्हणून सुकवारोबाईंचं भाषणही बंद, फक्त फूल पडल्याचा टप टप आवाज. मला रिकामं उभं राहवेना. थोड्या अंतरावर एका मोठ्या झाडाखाली कोणीच नव्हतं आणि फुलांचा थर पडला होता. दोन गाई तेवढ्या खात होत्या. मी गाई हाकलल्या, रामकलेची मोकळी टोपली घेतली आणि भराभर वेचलं. टोपली शिगोशीग भरली. कंबर मोडली, पण मी खूश. टोपली डोक्यावर घेऊन परत आलो.

बायकांचे हात थांबले. कोणी हसलं नाही. रामकलेनं टोपलीकडे पाहिलं, मग मी आलो त्या दिशेला.

"कोनाच्या झाडाखाली गेल्ता गा?"

"तिकडे कोणी नव्हतं."

"कोनी नव्हतं त झाड का बेवारस झालं?"

मग सुकवारोबाईंनी सांगितलं. जंगल सरकारचं असेल, पण प्रत्येक मोहाला घर आहे. ते झाड दुकालूच्या घराचं, त्याच्या आज्यापासून. दुकालू बायकोला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेला होता. जाताना माझं झाड तुम्ही वेचा असं कोणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. त्यानं सांगितलं नाही, म्हणून कोणी शिवलं नाही. पंधरा पावलांवर आपलं झाड वेचणाऱ्या बायका रोज ती फुलं सडताना पाहत होत्या.

"पण गाई खातात ना!" मी चिडूनच म्हणालो.

"ढोराले झाड कोनाचं ते समजत नाही," त्या म्हणाल्या. "तुले त समजते."

टोपली परत न्यायची आणि त्याच झाडाखाली ओतायची, असं ठरलं. कोणी रागावलं नाही, कोणी समजूतही घातली नाही. जसं सांडलेलं पाणी पुसतात तसं. सुकवारोबाई माझ्यासोबत आल्या. मी फुलं ओतली. गाई परत आल्या. आणि तिथंच, आणखी एक क्षणही ते पोटात ठेवणं अशक्य झालं म्हणून, मी सांगितलं. तुमचं नाव काढलं. माझं घातलं.

त्यांनी रिकामी टोपली माझ्या हातातून घेतली. मग विचारलं, "सभेनं काढलं?"

"नाही. सभा उठल्यावर. पाच जणांनी."

"मी गेल्यावर."

"तुम्ही गेल्यावर."

त्यांनी हातावरचा मोहाचा चिकटा लुगड्याला पुसला. चेहऱ्यावर जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही. ज्या बाईनं तीन आठवडे रोज पहाटे झाडाला जपानी समजून भाषण केलं, तिला एका वाक्यात गप्प केल्यावर जे उरतं ते होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, मी जात नाही. ही जागा मी तुम्हाला परत देतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मघाशी रामकलेनं टोपलीकडे पाहिलं होतं.

"तू देऊन राहिला? तुयी हाये का ते, द्याले?"

मी पायाशी आलेली गाय हाकलली.

"हात सभेनं वर केलते. मले सभेनं म्हटलं, जा. आता सभेनंच तोंडावर म्हनावं, नको जाऊ. मी आयकून घेईन आन घरी येईन. पन तुया हातून मी घेनार नाही. उद्या लोकं म्हनतीन, पर्चेवाल्यानं दया केली." मग जरा थांबून, "आन भाऊ, मले ते फुलं पाहाचे हायेत. खोटं कायले बोलू? लई पाहाचे हायेत."

निघण्याआधी सायकल गावच्या लोहाराकडून कशीबशी चालती केली होती. देवरीपर्यंत मी ती रागानं हाणली. हा राग नेहमीचा नव्हता. नेहमीचा राग मालकावर असतो, सट्टेदारावर (बिडीचं काम वाटणाऱ्या ठेकेदारावर) असतो, चांगल्या बिड्या छाट म्हणून फेकणाऱ्यावर असतो. त्याची वाक्यं मला पाठ आहेत. हा राग आपल्याच खाटेवर बसलेल्या पाच जणांवर होता, आणि त्यातल्या दोघांनी मला पर्चा लिहायला शिकवलं आहे.

गोंदियाला उतरल्याबरोबर चिटणीसांकडे गेलो. म्हणालो, मी जाणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "हरकत नाही. दुसरा कोणी जाईल. गोंदियात बोलणाऱ्यांची कमी आहे का?" म्हणजे माझ्या नकारानं काही झालं नाही. मी बाजूला झालो आणि जागा रिकामी झाली, एवढंच. ती रिकामी दिसली की कोणीतरी टोपली घेऊन येणार. चिचगडच्या जंगलात जे कोणी करणार नाही ते आपल्या संघटनेत करायला आपण तयार आहोत, आणि आपण त्यांना अडाणी म्हणतो, बोलता येत नाही म्हणतो.

पुढच्या वसंतात तिकडची झाडं फुलतील. त्यांच्याखाली आपल्यातलं कोणीतरी बसेल किंवा कोणीच बसणार नाही. पासपोर्टाला महिने लागतात, तेव्हा निकाल आताच लागला पाहिजे. रामनवमीनंतरच्या रविवारी दुपारी कुडव्याला पुन्हा सभा आहे. सुकवारोबाई येणार आहेत, पहिल्या मोटारीनं, मोहाचा हंगाम सोडून. त्या काही मागणार नाहीत. समोर बसतील आणि ऐकतील.

हा पर्चा वाचणारे तुम्ही होळीआधीच्या त्या सभेत होता. तुम्ही हात वर केला होता, मी पाहिलं आहे. तुम्हाला न विचारता तो खाली घेतला गेला. तेव्हा त्या रविवारी या, पुढे बसा, आणि सभा सुरू होताच उठून कार्यकारिणीला विचारा: आमचा निर्णय तुम्ही कोणाच्या परवानगीनं बदलला? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.