मस्कत, एक तास दहा मिनिटं

कुरवंड्याच्या जीपवाल्या भाऊंना अंतर किलोमीटरमध्ये विचारलं की ते अंगावर यायचे. "किलोमीटर दगडावर लिवत्यात. मानसाला टाइम सांगावा!" आणि टाइम असा सांगायचे, की स्टेशनच्या घड्याळानं मान खाली घालावी. लोणावळा बावीस मिनिटं, मुंबईचा विमानतळ अडीच तास, घाटात ट्रक आडवा पडला तर आपलं नशीब.

फक्त एका बाबतीत भाऊ साफ चुकायचे. एकुलती लेक सुमन नर्स होऊन मस्कतला गेली. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून भाऊंनी जाहीर केलं, "मस्कत? एक तास धा मिनिटं! विमानतळापेक्षा जवळ." तिकडचं घड्याळ दीड तास मागे, विमानाला खरे दोन तास चाळीस मिनिटं लागतात, हे मी पारावर चारचौघांत समजावलं. भाऊ म्हणाले, "बापू, तिकीट छापनारा येडा, का तू?" पार हसला. मी हरलो.

मग जानेवारीतल्या एका पहाटे सुमनची आई, आमच्या वहिनी, गेल्या.

सुमनला मिळालेलं विमान तिथल्या घड्याळानं साडेदहाला निघणार होतं. तिकीट माझ्याच फोनवर आलं होतं: मुंबई, दुपारी दोन चाळीस. म्हणजे घरी यायला पावणेसहा. आणि भाऊंचे थोरले चुलते, आबा, काठी आपटत उभे. "दिवस मावळायच्या आत उरकाया पायजे. संध्याकाळपातुर कोन थांबनार? बारालाच उचलू."

"आबा, साडेधाला इमान उडतंय," भाऊ शांतपणे म्हणाले. "एक तास धा मिनिटं. दोनपातुर पोरगी हितं."

मी तोंड उघडलं. भाऊंनी माझं मनगट असं दाबलं, की तोंड आपोआप मिटलं.

दोन वाजले. "घाटात ट्राफिक असंल." तीन. "सामान लवकर देत न्हाईत." चारला आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. पाचला तिरडी बांधून झाली. सूर्य नागफणीच्या सुळक्याकडे घसरत होता आणि उभ्या आयुष्यात वेळ न चुकलेला माणूस रस्त्याकडे पाठ करून बसला होता.

पाच बेचाळीसला टॅक्सी आली. सुमन अनवाणीच धावली. आईच्या गालाला गाल लावायला तिला पुरतं मिनिटभर मिळालं.

तेरावं झाल्यावर मी भाऊंना गाठलं. "खरा वेळ माहीत होता ना?"

"पैल्याच दिशी. सुमननं सांगितलं व्हतं." भाऊ जीपची काच पुसत राहिले. "तुजी वहिनी रोज इचारायची, लय लांब हाय का वो? मंग काय सांगू?"

गेल्या वर्षी भाऊ गेले. पुन्हा पहाटच, पुन्हा सुमन मस्कतला. कुणीतरी घाई करायला लागलं. नव्वदीतले आबा ओट्यावरून उठलेही नाहीत. माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले,

"बसा गुमान. एक तास धा मिनिटांवर तर हाय पोरगी."