दुमडलेल्या बाह्या

संजूचा फोन आला तेव्हा मी उचगावात, माझ्या सासरी भाजी निवडत बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कधीपासून आजारी होती? माझ्यापासून काय लपवलंत?" आईच्या मरणाची बातमी देणाऱ्या पोराला कुणी असं विचारतं का? पण माझा स्वभावच तसा. आमचे वडील मला लहानपणी फौजदार म्हणायचे. संजू म्हणाला, "काय बी लपवलं न्हाय. धार काढून आली, चरवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसली ती बसलीच..." माझ्या वहिनीने, शालनने, जाताना संशयाला जागा ठेवली नाही. एरवी मात्र मी तिच्यावर उभा जन्म संशय घेतला, आणि तिच्याविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

भेटायला येणारा जो तो एकच बोलत होता. लई खमकी बाई, संकटांनी घडवली तिला. मला या बोलण्याचा भारी संशय येतो. एखादीला खमकी म्हणून टाकलं, की तिच्या दारात डबा घेऊन जायची गरज उरत नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, पहाटे वैरण आणायला मोटारसायकलवरून गेला आणि ट्रकने त्याला उडवलं. तेव्हा ती तिशीचीही नव्हती, संजू नुकता पावलं टाकायला लागला होता, आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या घरामागच्या गोठ्यात दोन म्हशी हंबरत होत्या. बायका गळ्यात पडून रडायला आल्या, तर वहिनी त्यांच्या हातातून सुटून गोठ्यात निघून गेली. डोळ्यांत टिपूस नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली. मी सख्खी बहीण, मलाही ते लागलं. माझ्या दादासाठी ही रडत नाही, म्हणजे हिचा त्याच्यावर जीव होता की नव्हता? हा प्रश्न काट्यासारखा रुतला तो कित्येक वर्षं निघाला नाही. एकदा मी तोंडावर विचारलं. म्हणाली, "वन्सं, मी रडत बसलो तर म्हशीस्नी कोण बघणार?"

म्हशींना बघणं तरी सोपं कुठे होतं? चंद्री म्हैस दादाच्या हातची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, दूध वर ओढून घ्यायची आणि लाथ झाडायची. वहिनीने दोन दिवस लाथा खाल्ल्या. मग खुंटीवरचा दादाचा चौकड्यांचा शर्ट काढून साडीवर चढवला. दादा ताडमाड उंच, ही जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. तिने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि कासेखाली बसली. चंद्रीने मान वळवून वास घेतला... आणि चरवीत धार वाजली. मी गोठ्याच्या दारात उभी होते. तेव्हाही माझ्या मनात आलं, ही बाई मोठी हिकमती आहे.

मग ती कट्ट्यावर उभी राहिली. पेठेत संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक फेसाळ ग्लास तिथेच तोंडाला लावतात. सगळा बाप्यांचा कारभार. तिथे शर्ट घातलेली बाई आल्यावर आधी हसणं झालं, मग संशय. एका पैलवान गड्याने ग्लास रिकामा करून मोठ्याने विचारलं, "वैनी, चरवीत आदीच पाणी हुतं काय?" दुसऱ्या दिवशी धारेला बसण्याआधी वहिनीने चरवी उपडी केली, तळावर थाप मारली आणि एकेकाच्या तोंडासमोरून फिरवली. "बघून घ्या पावणं. मागनं बोलायचं न्हाय." त्या पैलवानासमोर जरा जास्त वेळ धरली. तेव्हापासून कुणी मागो न मागो, ती रोज चरवी उपडी करून दाखवायची. घरी मला चहा टाकतानासुद्धा पातेलं उपडं करायची. मी म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं! ती म्हणायची, "फौजदार घरात आल्यावर दाखवायला नको व्हय?"

संशय घेण्यात ती माझ्याहून काकणभर सरसच होती. एकदा पेंडीच्या पोत्यात वर चांगला माल आणि खाली भुसा निघाला, तेव्हापासून ती दुकानातच पोतं तळातून उसवून बघायची. मी सहज म्हणून भडंग घेऊन गेले, तरी पुडा बाजूला सारून आधी विचारायची, "काय काम काढलासा?" पुराच्या वर्षी गोठ्यात पाणी शिरलं. तिने म्हशी सोडवून चढावरच्या शाळेच्या पटांगणात नेल्या. कळल्याबरोबर मी धावत गेले. घरातली ट्रंक बुडाली होती, भांडीकुंडी वाहून गेली होती, आणि ही आपली म्हशीला पाठ लावून बसलेली, अंगात तो शर्ट. मला बघून म्हणाली, "रडायला आलासा का वैरण टाकायला?" मी मुकाट्याने वैरण टाकली.

पण त्या पटांगणातच माझ्या मनात पाल चुकचुकली. चंद्री मरून तोवर बरीच वर्षं झाली होती. या म्हशी वहिनीने माहेरहून, कोडोलीहून आणलेल्या. त्यांनी दादाला कधी पाहिलंही नव्हतं. मग शर्ट कशाला? विचारलं तर म्हणाली, "म्हशीला सवय हाय."

"कुठल्या म्हशीला, वैनी?"

"वन्सं, तुमी लई चौकशी करता."

मी शर्टाकडे निरखून बघितलं. रोज शेणामुतात वापरलेला शर्ट, त्याची कॉलर एव्हाना विरून जायला हवी होती. चिखलातही याचा रंग ताजा दिसत होता. चौकड्या त्याच, शर्ट दुसरा. खरं सांगते, माझ्या मनात नको ते आलं. हा कुणाचा शर्ट? कोण देतं हिला? असलं स्मृतिलेखात लिहू नये म्हणतात. पण गोडगोड लेख तिला आवडला नसता. तोही तिने तळातून उसवून बघितला असता.

उत्तर मिळालं ते तिच्या तेराव्याला. पंगत उठल्यावर बापू शिंपी माझ्याजवळ आला. पेठेतलाच, दादाचा जुना मित्र. म्हणाला, "ताई, वैनीनी शिवायला टाकलेला एक शर्ट तयार हाय. कुणाकडं दिऊ?"

मी कान टवकारले. "कुणाच्या मापाचा?"

"दादाच्या की. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

मग त्याने सगळं सांगितलं. दादाचा शर्ट फाटला तेव्हा वहिनी तो घेऊन त्याच्याकडे गेली होती. तसंच चौकड्यांचं कापड हुडकून तिने नवा शिवून घेतला. तो विरला की पुढचा. "दर खेपंला म्हणायचो, वैनी, घालणार तुमी, बाह्या तरी आखूड करतो. तर म्हणायच्या, न्हाय, त्येंच्या मापाच्याच ऱ्हाऊ देत. दुमडीन मी."

त्या शर्टांना दादाचा वास नव्हता. वास ओळखणारी म्हैसही उरली नव्हती. तरी रोज दोन्ही वेळेला ती नवऱ्याच्या हाताएवढ्या बाह्या अंगात घालायची, दुमडून आपल्या हाताएवढ्या करायची आणि कामाला बसायची. आणि मी विचारत होते, जीव होता की नव्हता! मी तिथेच ओसरीवर बसले आणि पोटभर रडले. दादासाठी रडले, त्याहून जास्त तिच्यासाठी. बापू बिचारा घाबरून पाणी आणायला पळाला. संकटांनी तिला घडवलं असं अजूनही लोक म्हणतात. संकटांनी तिला लाथाच घातल्या, मी डोळ्यांनी बघितलंय. उभी राहायला तिने जे धरलं होतं, ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. शेवटच्या दिवशी तिच्या अंगात होता तो शर्ट तिच्याबरोबरच गेला. बापूने शिवलेला नवा मी पिशवीत घालून उचगावला नेला आणि कपाटात ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात संजूचा फोन आला. दूधधंदा आता तोच बघतो. म्हणाला, "आत्या, आई गेल्यापासनं म्हस पान्हा चोरतीया. त्यो शर्ट घिऊन येशील?"

मी गेले. तो गोठ्यात उभा होता, बापासारखाच उंच. दाराजवळ दुधाची किटली होती, काठोकाठ भरलेली, वरचा फेस अजून बसला नव्हता. मी किटलीकडे बघितलं. मी बघते आहे हे त्यानेही बघितलं आणि मान खाली घातली.

"लई पान्हा चोरतीया व्हय रे?" मी विचारलं.

"लई," तो म्हणाला.

मी पुढे काही विचारलं नाही. पिशवीतून शर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो अंगात घातला, बटणं लावली आणि सवयीने चरवी उपडी करून मला दाखवली. मग म्हशीखाली बसला. बाह्या त्याच्या मनगटापर्यंत बरोबर आल्या होत्या.