चंद्र खोडला, राब ठेवला

मी शाळा सोडली ती सहावीत. अलंकार पुढच्या वर्गांत शिकवतात, त्यामुळे उपमा, रूपक, यमक ही मंडळी मला भेटायची राहूनच गेली. भेटली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, भोरला, एका रविवारी. आणि भेटल्या भेटल्या त्यांनी मला गोत्यात आणलं.

आमचं गाव बीडकडचं. नवऱ्याला वेल्ह्याकडच्या पासली गावात एका फार्महाउसवर राखणीचं काम मिळालं आणि दोन वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून आम्ही इकडे आलो. गावाकडे जायचं म्हटलं तर गाड्या बदलण्यात सगळा दिवस जातो. आमच्याकडे रान म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट. इथं एकेक भाताचं खाचर पायरीसारखं डोंगरावर चढलेलं. कुणाला काय विचारावं, हेही मला कळत नव्हतं. काळजी करण्याची सवय मात्र मी गावाकडून बरोबर आणली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी खालच्या खाचरातून धूर निघताना दिसला. जवळ एक बाई निवांत उकिडवी बसलेली. मला वाटलं, हिला कळलंच नाही. "आग, आग!" ओरडत मी दोन बादल्या पाणी घेऊन धावले आणि सगळं ओतून मोकळी झाले.

बाई उठल्या. काळ्या, उंच, पुढे आलेले दात, आवाज डोंगराला ऐकू जाईल असा.

"अगं ए बये! माझा राब इझिवलास की!"

राब म्हणजे काय ते त्यांनी मला तिथंच, चिखलात उभं करून शिकवलं. भाताचं बी पेरायच्या आधी वाफा भाजून घ्यायचा. खाली शेण, त्यावर झाडाचा पाला, गवत, वर मातीचा पातळ थर. वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूनं काडी लावायची, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट, हळूहळू सरकतो आणि माती नीट भाजते. तणाचं बी मरतं, आणि मागं राहिलेल्या त्या काळ्या वाफ्यात रोप असं तरारून येतं की बघत राहावं.

"आता पानी वतलंस नव्हं? मग पाला गोळा करू लाग," त्या म्हणाल्या.

दोन दिवस मी पाला गोळा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या लेकीकडे बघितलं. "हिचं वजन किती? अंगणवाडीत का न्हाई धाडली? का तिच्यावर बी पानी वतनार हाईस?"

त्या गावच्या अंगणवाडी सेविका होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत.

लेक अंगणवाडीत जायला लागली आणि तिच्या मागे मीही. आक्कांनी लेकीला काट्यात बसवलं, आकडा बघून मला झाप झाप झापलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीनं वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पहिल्या वर्षी आमच्या घरात शिजलेला तांदूळ त्यांच्या खाचरातला. मी पोरांना गाणी म्हणून दाखवते, मधेच पदरची एखादी ओळ घालते, हे त्यांनी हेरलं. एक जुनं रजिस्टर माझ्या अंगावर फेकलं. "मागची पानं कोरी हाईत. उंदरानं खान्यापरीस तू लिव." माझ्या सगळ्या कविता त्या रजिस्टरात आहेत. पुढून लसीकरण, मागून मी.

त्यामुळे आक्का निवृत्त होणार आणि शाळेपुढे सत्कार होणार असं ठरलं, बाया म्हणाल्या "कविता तू म्हणायचीस", तेव्हा मी हो म्हटलं आणि लगेच काळजी करायला बसले. या बाईचं माझ्यावर जे काही होतं ते मी दुसऱ्या कशानंच परत करू शकत नव्हते. आणि हे एकच करायचं तेही सहावीपर्यंतच्या अकलेनं.

नेमकं त्याच महिन्यात मोबाईलवर आलं की भोरला एक दिवसाची कवितेची कार्यशाळा आहे. विषय, माणसाचं आतलं सौंदर्य. मला वाटलं, हे माझ्यासाठीच ठेवलंय. नसरापूरला गाडी बदलून गेले. सगळे बँकेतले, कचेरीतले, इस्त्रीच्या कपड्यांतले. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर उपमा, रूपक, अनुप्रास, यमक लिहिलं, एकेकाचं उदाहरण दिलं. खरं सांगते, मला भूक लागल्यासारखं झालं. यातलं कितीतरी मी आधीपासून करत होते, फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. मग त्यांनी लिहायला सांगितलं. मी आक्कांना डोळ्यांपुढे आणलं आणि लिहिलं:

नसे रूप चंद्रापरी, ना गुलाबाची लाली,
तरी मनाच्या चांदण्याने वाट ही उजळली.

"उपमा चोख, यमक चोख," बाई म्हणाल्या आणि लाल पेनानं खाली 'छान' लिहिलं. येताना एसटीत मी तो कागद चार वेळा उघडून बघितला.

सत्काराला आठ दिवस राहिले असताना मला राहवेना. अंगणवाडीत आम्ही दोघी मटकी निवडत बसलो होतो. मी आक्कांना ते वाचून दाखवलं.

त्यांचा हात सुपात थांबला. "परत वाच."

मी परत वाचलं, या वेळी हळू आवाजात.

"म्हंजी मी दिसायला वंगाळ हाय, ह्ये आदी माइकवरनं समद्या गावाला सांगायचं. मग मन चांगलं म्हनून वरनं फुंकर घालायची. आसंच ना?" त्या हसल्या, पण डोळे मटकीतच होते. "माझ्या लग्नात बी ह्येच म्हनले व्हते. काळी हाय, गुनाची हाय, घ्या पदरात. चाळीस वर्सं झाली. आन त्यो चंद्र कशाला वढलास मधी? त्यो माझ्या दारात भाकरी खायला आलता का कदी?"

घरी येऊन मी रडले. नवरा म्हणाला, "मग नको कविता. हार घाल आणि खाली ये." मलाही क्षणभर तेच सोपं वाटलं.

पण नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन बसले. एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि ती आजही मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. माणसाचं आतलं चांगलं सांगण्यासाठी आधी त्याचं बाहेरचं तराजूत घातलं, की ती कविता त्याचा अपमान करते, मग उपमा कितीही चोख असू दे. मी चंद्र खोडला. गुलाब खोडला. मग 'रूप' खोडलं, आणि हात लागलाच होता म्हणून 'मन'सुद्धा. पान कोरं झालं. मग स्वतःला विचारलं, आक्का दिवसभर करतात काय? ओरडतात. त्यांच्या ओरडण्यासारखं मी काय बघितलंय?

उत्तर मला बादलीसकट आठवलं.

आधी शेण, मग पाला, वर माती,
वाऱ्याच्या उलट लावलेली काडी.
आक्का, तुमचं बोलणं तसं.
पोळतं, धुमसतं, पोळतं,
आणि तिथंच उभा राहतो
शिवारातला सगळ्यात हिरवा वाफा.

हे पहिलं कडवं. दुसऱ्यात मी माझी बादली घातली. यमक आलं नाही, मी ओढून आणलं नाही. 'पोळतं' दोनदा आलं ते ठेवलं, कारण आक्का एकदा बोलून थांबत नाहीत. कविता बरोबर आहे याची मला खात्री होती. भीती एकच होती. भाजलेला राब काळा असतो. मी त्यांचं बोलणं म्हटलं होतं, पण त्यांनी ते पुन्हा आपल्या रंगावर घेतलं तर?

या वेळी मी आधी वाचून दाखवली नाही.

शाळेपुढे मांडव, वेल्ह्याहून आलेले साहेब, नव्या साडीत अवघडून बसलेल्या आक्का. मी माइकपुढे रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागले. काडीच्या ओळीला मागून बायांचा हशा उठला. "बादली सांग की गं, बादली!" मी म्हटलं, "थांबा, पुढे आहे बादली," आणि ती होतीच. मांडव हसला. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. कविता संपेपर्यंत त्या शाळेच्या भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होत्या. मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

त्यांनी हात पुढे करून माइक मागितला.

"कविता बरी हाय," त्या म्हणाल्या. "पन साहेब, एक सांगते. राब वाऱ्याच्या उलट लावायचा, ह्ये हिला म्या शिकवलं. तवा ती वळ माझी. ध्यानात असू द्या."

टाळ्या पडल्या. आक्का हसल्या का, ते मला हारांच्या गर्दीत दिसलं नाही. मी काळजीनं घरी आले.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "उद्या राब हाय. ये. मोकळ्या हातानं ये."

गेले. वाफा रचून तयार होता. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली आणि बाजूला उभ्या राहिल्या. मी चिमूटभर माती सोडून वारा बघितला, वारा जात होता त्या कडेला गेले, काडी लावली. धूर उठला, जाळ वाऱ्याच्या उलट, हळूच सरकायला लागला.

आक्का बांधावर बसल्या. शेजारची जागा हातानं झाडली.

"भाजायला येळ लागंल," त्या म्हणाल्या. "तवर म्हन ती. चंद्राची न्हाई. माझी."