राजदूतकाकांचा अदबशीर नकार

इतक्या अदबीनं साऱ्या जगाशी भांडणारा माणूस आयर्लंडमधल्या आमच्या ल्यूकन गावात दुसरा झाला नाही. आमच्या शेजारचे हे म्हातारे गृहस्थ मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशाचे माजी राजदूत आणि कादंबरीकार. केळीच्या मळ्यातल्या संपकऱ्यांवर त्यांच्याच सरकारनं गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, त्यावर कादंबरी लिहिली आणि ते देशाला मुकले. २०१५ साली मी इथं शिकायला आले, तोवर सगळी मराठी मंडळी त्यांना राजदूतकाकाच म्हणत होती.

पद गेलं तरी शिष्टाचार गेला नव्हता. बस थांब्यावर न थांबता पुढं गेली, की ते बसवाल्यांना खलिता धाडत: ‘खाली सही करणारा तीव्र निषेध नोंदवतो आणि आपल्याविषयीच्या परमादराची पुन्हा ग्वाही देतो.’ वाफे उकरणाऱ्या मांजराच्या मालकिणीलाही तसाच खलिता जाई. आमच्या गणपतीत पंगत बसवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. राजदूतांची ज्येष्ठता म्हणे रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. म्हणून त्यांनी सगळ्यांना आयर्लंडमध्ये उतरल्याच्या तारखेनुसार बसवलं. पहिला मान वृद्धाश्रमात काम करणाऱ्या नर्सताईंना मिळाला. पुण्याहून नुकतेच आलेले बडे साहेब दाराशी, चपलांच्या शेजारी.

“अहो, मी डायरेक्टर आहे!”

“महोदय, आपण ऑगस्टचे आहात,” म्हणत काकांनी त्यांना जास्तीचा मोदक वाढला.

२०१८ मध्ये त्यांच्या सरकारचं पत्र आलं. परत या, सगळ्या कादंबऱ्या सन्मानानं छापू. फक्त गोळीबाराचं प्रकरण गाळा. तिकडं त्यांची एकुलती एक बहीण अंथरुणाला खिळली होती. काकांवरची देशात यायची बंदी उठल्याशिवाय भेट शक्य नव्हती.

मी नागपूरची. बाबांनी छापलेल्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. तडजोड हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरत. तरी त्या दिवशी मीच म्हणाले, “काका, एकच प्रकरण आहे. जा ना.”

“मुली, त्या प्रकरणात माणसं राहतात. ती कुठं जातील?”

मग मला चेव आला. मी ‘खुन्यांनो’पासून सुरू होणारं उत्तर लिहून दिलं. त्यांनी ते आवडीनं दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं.

“शिवी दिली, की ते शिवीवर बोलतात. अदबीनं नाही म्हटलं, की त्यांना नकारावरच बोलावं लागतं.”

त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. परमादरासकट.

पुढच्या वसंतात बहीण गेली. अंत्यविधी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या फोनवर पाहिला. काळा सूट घालून, शेवटपर्यंत उभ्यानं.

“पश्चात्ताप होतो, काका?”

“रोज,” ते म्हणाले. “आणि रोज पुन्हा नाहीच म्हणतो.”

तेवढ्यात फोनवरचं चित्र अडकलं. चर्चचं उघडं दार, त्यापलीकडं एक गल्ली, तिच्यात एक फुलवाली पाठमोरी. मी ते सुरू करायला हात पुढं केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हे दार आमच्याच गल्लीकडं उघडतं.”