खांदा न उचलता टाकायची काठी

माझा राग दुकानदारावर नाही. त्याने धंदा केला आणि धंदा मला कळतो. माझा राग आमच्या ह्यांच्यावर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, मासे पकडायच्या एका काठीपायी, ह्यांनी परक्या माणसाला मध्ये घातलं आणि माझ्याशी खोटं बोलायचा घाट घातला. ही गोष्ट मी कुठेही सांगितली की लोक ह्यांच्याच बाजूने हसतात. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

२००४ च्या आसपास आम्ही बेसिंगस्टोकला राहत होतो. हे तिथल्या बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरमध्ये होते. मी घरच्या किचनमधून सुरू केलेला फराळाचा धंदा तोवर एका छोट्या युनिटमध्ये नेला होता. चकली, चिवडा, लाडू, मदतीला दोन बायका आणि एक जुनी व्हॅन. व्हॅन मीच चालवायचे आणि वेम्बलीच्या घाऊक व्यापाऱ्याशी बेसनाच्या भावावरून भांडायचेही मीच. मला दारात पाहिलं की तो आधी चहा मागवायचा, म्हणजे माझं तोंड तेवढा वेळ तरी बंद राहील.

ह्यांना मासेमारीचा नाद लावला आमच्या शेजाऱ्याने. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेला इंग्रज, फार बोलायचा नाही, म्हणून ह्यांचं आणि त्याचं जमलं. आमचे हे पुण्याचे, शुद्ध शाकाहारी. मी अलिबागकडची. मी बांगडा तळायला घेतला की हे वरच्या खोलीत जाऊन खिडकी उघडून बसतात. आणि हाच माणूस रविवारी सकाळी कालव्यावर जायचा, मासा पकडायचा, त्याच्याकडे कौतुकाने बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"म्हणजे बाजारात जायचं, भाजी निवडायची, पिशवीत भरायची आणि परत गाडीवर ठेवून घरी यायचं," मी म्हणायचे.

"अगं, तिथे शांतता असते," हे म्हणायचे.

शांतता म्हणजे तिथे मी नसते, एवढं मला न सांगताही कळत होतं.

मग एका जानेवारीत हे ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरले आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, फिजिओ झाला. शेवटी डॉक्टरने सांगितलं की हात खांद्याच्या वर आता पूर्वीसारखा जाणार नाही. घास तोंडापर्यंत जायचा, केस विंचरायला मात्र डावा हात लागायचा. काठी डोक्यावरून मागे नेऊन लांब फेकायची म्हणजे विषयच संपला. ह्यांनी काठ्या मला लॉफ्टमध्ये ठेवायला लावल्या आणि रविवारी घरी बसायला लागले.

ह्यांना घरी बसता येत नाही. हे माझ्या युनिटमध्ये यायला लागले. माझ्या चकल्यांचं स्प्रेडशीट केलं. एका चकलीला किती वेढे असावेत यावर माझ्या बायकांशी चर्चा केली. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, साहेबांना काहीतरी काम द्या, नाहीतर मी जाते." हे सगळं मी हसून सांगते, पण संध्याकाळी हे किचनच्या खिडकीशी डाव्या हाताने उजवा खांदा धरून नुसते उभे राहायचे, तेव्हा हसू यायचं नाही. आधीच कमी बोलणारा माणूस. आता शेजारी बेल वाजवायचा तर हे मला खूण करायचे की सांग, झोपलेत. ह्या माणसाला परत पाण्यावर नेलं नाही तर हा असाच मिटत जाणार, हे मला दिसत होतं.

उपाय शेजाऱ्यानेच आणला. एक डीव्हीडी घेऊन आला आणि झोपलेल्या माणसाला उठवा म्हणाला. अमेरिकेतली मासेमारीची स्पर्धा होती. बास नावाच्या माशासाठी माणसं होडीत उभी राहून झुडपांच्या मुळाशी, लव्हाळ्यांच्या फटीत आमिष टाकत होती. लांब फेकाफेक नाहीच. डाव्या हातात रबराचा किडा धरायचा, उजव्या हातातल्या काठीचं टोक जरा खाली न्यायचं आणि मनगटाने वर उचलायचं. किडा झोक्यासारखा पाण्यालगत जाऊन हवा तिथे आवाज न करता पडतो. ह्याला ते पिचिंग म्हणतात. त्याहून जवळ टाकायचं असेल तर रीळ सोडायचंच नाही, दोरी हाताने ओढून धरायची आणि नुसता लंबकासारखा झोका द्यायचा. ते फ्लिपिंग.

"कोपर कुठे आहे बघ," शेजारी ह्यांना म्हणाला. "बरगडीला चिकटलेलं. खांदा हलतच नाही."

"पण आपल्या कालव्यात बास कुठे आहे?" हे म्हणाले.

"नाही. पर्च आहे. झाडाखालीच बसतो. काठी कुठल्या देशातली आहे ते तो विचारत नाही."

ह्यांनी ती डीव्हीडी त्या आठवड्यात तीनदा पाहिली. मी शनिवारी व्हॅन काढली आणि ह्यांना बरोबर घेतलं.

रेडिंगच्या रस्त्यावर मासेमारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक उंच, हडकुळा, लोकरी टोपी घातलेला. मला आल्या आल्या, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, "येस, लव्ह?" म्हणाला, तिथेच त्याने एक गुण घालवला. अशा अमेरिकन काठ्या त्याच्याकडे सात-आठच होत्या, मागच्या भिंतीला उभ्या. मी त्यांची नावं वाचली नाहीत. मी प्रत्येकीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. माझी ही जुनी पद्धत आहे. ज्या मालावर धूळ जास्त, त्यावर दुकानदार जास्त वाकतो. सगळ्यात काळं बोट एका साडेसात फुटी काठीने केलं. मुठीजवळ 'हेवी' असं लिहिलं होतं. मला ते चांगलंच वाटलं. त्याच पैशात जास्त काठी.

दुकानदार म्हणाला, "ती नको. ती मोठा बास गवतातून उपटून काढायला आहे. तिने आपला पर्च ओढलात तर तो थेट मागच्या झाडात जाऊन बसेल. शिवाय टोकाकडे जड आहे. ह्यांचा खांदा असा आहे म्हणता, तर ही सात फुटी घ्या. ताकदीला एक पायरी हलकी, खाली ताठ, टोकाला थोडी वाकते."

सात फुटी काठी महाग होती आणि तिच्यावर धूळ नव्हती.

"मीपण दुकान चालवते," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला महाग वस्तू कशी बरी असते ते मलापण सांगता येतं."

"लव्ह, मी फक्त..."

"आणि लव्ह कोणाला म्हणता?"

त्यानंतर तो मला मॅडम म्हणायला लागला. पाऊण तास लागला. काठीचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, वर रीळ भरून दोरी फुकट. दुकानदाराने टोपी काढून डोकं पुसलं. मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, बघा हातात धरून. चालेल ना?"

ह्यांनी काठी धरली, थोडी हलवली, दुकानदाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "तू म्हणशील ते."

आता मला सांगा, ह्यात माझी काय चूक?

पहिल्या रविवारी मीही फ्लास्क घेऊन कालव्यावर गेले. लॉफ्टमधून बाहेर आलेली ह्यांची जुनी टोपी बघूनच मला बरं वाटलं होतं. झाडं पाण्यावर अगदी वाकलेली, काठावरची वाट अरुंद. साडेसात फुटांचं टोक कधी वरच्या फांदीत अडकायचं, तर कधी पाण्यात बुडायचं, कारण आमचे हे पाच फूट चार इंच. मुठीची लांब दांडी दरवेळी कोपराला लागायची. किडा झाडाखाली सोडून सगळीकडे जाऊन आला. "सवय होईल," हे म्हणाले. दुसऱ्या रविवारी अर्ध्या तासात परत आले. तिसऱ्या रविवारी पाऊस होता. चौथ्या रविवारी पाऊस नव्हता, पण ह्यांच्या मते येणार होता. आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर हे पुन्हा माझ्या युनिटमध्ये लाडवांचा व्यास मोजायला हजर.

त्याच आठवड्यात फोन आला. "मॅडम, तुम्ही माझ्याकडून काठी नेली होती. तिच्यात कंपनीचा दोष निघालाय. आणून द्या, त्याच किमतीत दुसरी देतो. सात फुटी."

मी फोन ठेवला. निम्म्या भावाने विकलेली वस्तू परत घ्यायला स्वतःहून फोन करणारा दुकानदार मी दोन्ही देशांत पाहिलेला नाही. तरी दोष असेल तर बघावा म्हणून काठी घेऊन मागच्या बागेत गेले. वाकवली, रीळ फिरवलं, दोरी ओवायच्या कड्या तपासल्या. दोष नव्हता. मग डीव्हीडीतल्यासारखा किडा डाव्या हातात धरला आणि बादलीत टाकायला लागले. दहा-बारा वेळा टाकल्यावर माझं मनगट ठणकायला लागलं. मी दिवसाला दहा किलो पीठ मळणारी बाई. टोक सारखं खाली पडतं आणि ते उचलून धरण्यात सगळी ताकद जाते. ह्यांनी दोन रविवार हे मोडक्या खांद्याने केलं होतं आणि मला म्हणाले होते, सवय होईल.

शनिवारी ह्यांना व्हॅनमध्ये बसवलं, काठी मागे टाकली आणि दुकानात गेले.

"दोष दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार ह्यांच्याकडे बघायला लागला. हे छताकडे.

"कंपनीचं पत्र असेल ना? तेही दाखवा."

तो बिचारा दोन मिनिटंही टिकला नाही. "मॅडम, हे बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आले होते. तासभर सगळ्या काठ्या हातात धरून बघितल्या. वरचे पैसे हेच देणार होते. फोन करायला ह्यांनीच सांगितलं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती आमिषाच्या अळ्यांच्या फ्रीजकडे सरकली. मी मराठीत सुरू झाले, पण कोणालाही भाषांतराची गरज पडली नसावी.

"मी काय वाघ आहे? खाते का मी तुम्हाला? ही नको, ती हवी, एवढं बोलायला माणूस मध्यस्थ ठेवतो?"

"अगं, हळू."

"हळू काय? नाटक लिहिलंत अख्खं! फोनबिन!"

"तू पाऊण तास भांडलीस," हे म्हणाले. "माझ्यासाठी. बाहेर येताना किती खूश होतीस. म्हटलं, ही काठी हाताला जड होते हे आता कसं सांगायचं."

मी हातातली काठी गल्ल्यावर आडवी ठेवली. मी म्हटलं, "मग आता निवडा तुम्हीच. तोंडाने बोलून. मी व्हॅनमध्ये बसते." निघता निघता गल्ल्यावरची पाटी वाचली: ह्या महिन्यात प्रत्येक काठीबरोबर रबरी किड्यांची दोन पाकिटं मोफत. धंदेवाल्या बाईचे डोळे रागातही बंद होत नाहीत.

व्हॅनच्या काचेतून मला दुकानाची काच दिसत होती. ह्यांनी घाई केली नाही. दुकानदाराला आधी आमचं रीळ सात फुटीवर चढवायला लावलं. मग रिळाच्या जरा पुढे बोटावर काठी आडवी तोलून धरली. ती तराजूसारखी सरळ राहिली. कोपर बरगडीला लावून दहा-वीस झोके दिले. दांडी कोपराला लागते का ते पाहिलं. दुसरी घेतली, ती परत ठेवली. मग मान हलवून काहीतरी म्हणाले, आणि दुकानदाराने मान डोलावली. आमचे हे घासाघीस करत होते! मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

बाहेर आले ते छाती पुढे काढून. "मी त्याला स्पष्ट सांगितलं की काहीतरी कमी कर. त्याने किंमत नाही सोडली, पण दोन पाकिटं किडे फुकट काढले त्याच्याकडून."

"वा," मी म्हटलं. "मला नसतं जमलं."

त्या पाटीचं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनीही आपल्यापाशी ठेवावं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघं कालव्यावर गेलो. शेजारी त्याच्या घडीच्या खुर्चीत बसला, मी माझा डबा उघडला. हे एका वाकलेल्या झाडासमोर उभे राहिले. पहिले चार-पाच झोके इकडेतिकडे गेले. मग एकदा किडा पाण्यालगत सरकत सरकत गेला आणि फांदीखालच्या काळ्या सावलीत असा पडला की आवाज आलाच नाही, फक्त एक छोटं वर्तुळ उमटलं. खांदा जागचा हलला नव्हता. शेजाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला.

थोड्या वेळाने पर्च लागला. तळहाताएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, लाल पंखांचा. मी म्हटलं, रवा लावून तळला तर दोन घास होतील. ह्यांनी त्याला ओल्या हाताने धरून परत सोडला आणि पुन्हा त्याच झाडाखाली किडा टाकायला लागले.

"अहो, तिथला तर निघाला," मी म्हटलं. "आता डावीकडे टाका. तिकडे लव्हाळी दाट आहेत. आणि जरा पुढे उभे राहा, म्हणजे..."

"अगं, गप्प बस जरा," हे म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत. "मला डावीकडे नाही टाकायचं. मला इथेच टाकायचंय."

शेजाऱ्याला मराठी येत नाही, पण त्याने माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मी चकलीचा डबा त्याच्यापुढे धरला. त्यानंतर मी पूर्ण वीस मिनिटं काहीही बोलले नाही. किती वेळ झाला ते मी घड्याळात बघत होते.