नारळाआधी ड्रिल

“नाचू दे, आत्ताच नाचू दे! मंग बाजारात नाही नाचनार.” असं म्हणत बाई जुनाट ड्रिल मशीन वजनकाट्याच्या उघड्या सर्किटशेजारी धरून चालू करायच्या. मशीन ठिणग्या टाकायची, काट्याचे आकडे उड्या मारायचे, आणि बाई वरात पाहिल्यासारख्या खूश व्हायच्या.

आदिलाबादच्या आमच्या छोट्या कारखान्यात कापूस तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे बनायचे. बाई तिथल्या इंजिनिअर, जवळच्याच बेला गावच्या शेतकऱ्याची लेक. मी त्यांच्या शेजारी बसून सोल्डरिंग करायची. नव्या काट्यापुढे नारळ फोडायची आमची रीत. पण बाजारातल्या मोटरींसारख्या ठिणग्या टाकणाऱ्या ड्रिलसमोर आकडा स्थिर झाल्याशिवाय बाई नारळाला हात लावू देत नसत. “देव थांबते. मोटर नाही थांबत,” म्हणायच्या. एकदा तर मालक पेटलेली उदबत्ती धरून उभे, आणि बाई मला तार परत सोडवायला लावताहेत!

तेलंगण वेगळं झालं, मग जिल्ह्याचे तुकडे झाले, आणि त्याच धामधुमीत मालकांनी कारखाना हैदराबादच्या कंपनीत विलीन केला. नवे मॅनेजरसाहेब आले. त्यांचा हुकूम: आधी काटा पुरा करा, पेटी बंद करा, चाचण्या शेवटी. बाई त्यांच्याशी हिंदीत कडाकडा भांडल्या आणि माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या, “पेटी बंद झाल्यावर काय उकलून पाह्यते हा?”

साहेबांनी हसत नारळ फोडला. कापसाचा हंगाम तोंडावर आला आणि चाचण्या राहूनच गेल्या.

बेल्याच्या बाजारात नव्या काट्यावर कापसाची पहिली बैलगाडी लागली ती बाईंच्या बापाची. कौतुकानं लावली होती हो त्यांनी! तेवढ्यात शेजारच्या कापसाच्या जिनिंग मिलची मोटर सुरू झाली आणि आकडा नाचायला लागला. लोक खवळले, “काटा मारून राह्यले!” साहेबांनी सरळ बाईंकडे बोट दाखवलं. “काटा इन्होंने बनाया है।”

बापानं लेकीकडे पाहिलं. “माह्याच गावात माहं तोंड काळं केलं वं, माय?”

“बाबा, मी तं सांगून राह्यली होती...” त्याच महिन्यात बाई पुण्याला निघून गेल्या.

त्या फजितीपासून कारखान्यात दर काट्याला ड्रिल पहिल्याच दिवशी लागते. पाहुणे आले की साहेब छाती फुगवून सांगतात, “ये हमारा सिस्टम है।” मेल्याची जीभ कशी झडत नाही!

आमच्या काट्याचा आकडा आता खिळ्यानं ठोकल्यासारखा उभा राहतो. बाईंचे वडील दर हंगामात बाजारात येतात, काट्याजवळ आले की मान खाली घालतात आणि बैल पलीकडच्या दुसऱ्या काट्याच्या रांगेकडे वळवतात.